आपले चोर परत येतायत

बातमी लेकीने दिली. मार्च सरत आला होता, तरी पुन्हा बर्फ पडला होता आणि मी ड्राइव्हवे शोव्हल करून नुकतीच घरात आले होते. एक बूट काढला आणि फोन वाजला. लेक मॉन्ट्रियलपलीकडे ब्रॉसार्डला राहते, तिथेच नोकरी करते. रविवारी सकाळी ती स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून दुसरा बूट तसाच ठेवून मी फोन घेतला.

"मॉम, बसलीयेस का? दे आर ब्रिंगिंग इट बॅक!"

"काय परत आणतायत?"

"आजीचे चोर!"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. एका पायात बूट, एका पायात ओला मोजा. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्या मागोमाग, आपण नीट घड्या घालून ठेवलेलं कपाट कुणीतरी न विचारता उघडावं, तसंही काहीसं वाटलं.

त्या मालिकेचं खरं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलं नाही. चौघांची टोळी, दर आठवड्याला एक चोरी. कधी बँक, कधी म्युझियम, कधी एखाद्या लबाड श्रीमंताची तिजोरी. चोरी फक्त लबाडांकडेच करायची, हा त्यांचा नेम. 'आपले चोर' हे नाव दिलं ते माझ्या सासूबाईंनी.

सासूबाई नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही मिसिसागात एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एअरपोर्टजवळच्या एका कंपनीत मालाच्या पाठवणीचे कागद बघायचे. त्या नोव्हेंबरात आल्या आणि सगळा हिवाळा राहणार होत्या. सासऱ्यांनी "मला थंडी मानवत नाही" म्हणून येणं टाळलं होतं.

त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. अतिशय सरळ बाई. शेजारच्या शेवग्याच्या शेंगा भिंतीवरून आपल्या अंगणात लोंबल्या तरी विचारल्याशिवाय तोडायच्या नाहीत, हा त्यांचा कायदा, आणि तो त्यांच्या मुलाने लहानपणी मोडला तेव्हा त्याला शेजारी नेऊन माफी मागायला लावली होती. मी पुण्याची, मोजकं बोलणारी. आमच्यात भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. "भाजीत मीठ बरोबर आहे का?" "हो, बरोबर आहे." एवढ्यावर दिवस निघायचे.

घरमालकांनी त्यांचा जुना, जाडजूड टीव्ही आम्हाला देऊन टाकला होता. त्यावर मोजकी चॅनलं दिसत. एका संध्याकाळी मी कामावरून दमून आले, लेकीला जेवायला वाढलं आणि समोर जे लागलं ते बघत बसले. एक बाई दोरीला लोंबकळत छतातून खाली उतरत होती. सासूबाई लसूण सोलता सोलता थांबल्या.

"काय करून राहिली ही?"

"चोरी करतेय, आई."

"एवढ्या उंचावरून?" त्यांनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "आणि हा टकल्या कोण?"

"तो त्यांचा पुढारी. तोही चोरच."

"चांगल्या घरचा दिसतो," त्या म्हणाल्या, आणि जाहिराती संपेपर्यंत उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या वेळेच्या आधीच टीव्हीसमोर येऊन बसल्या होत्या. हळूहळू सगळ्यांची बारशी झाली. टकल्या पुढारी झाला 'हेडमास्तर', कारण तो नुसता बघायचा आणि बाकीचे गप्प व्हायचे. भिंती चढणारी झाली 'घोरपड'. गड चढवणाऱ्या घोरपडीची गोष्ट त्यांनी लेकीला त्याच दिवशी सांगितली. तिजोरीला कान लावून आकडे ओळखणारा जाडा माणूस 'कानवाला'. आणि गाडी चालवणारा कोवळा, देखणा पोरगा 'जावई'. "आपली पोट्टी मोठी होईपर्यंत हा थांबला पाहिजे," असं त्या गंभीरपणे म्हणायच्या.

त्यांना इंग्रजी येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. दुकानात, बसमध्ये त्या कधी एक शब्द इंग्रजी बोलल्या नव्हत्या. म्हणून मी शेजारी बसून सांगायचे. "तो काय म्हणाला?" "तो म्हणाला, पहारेकरी बदलायला वेळ आहे." "मग ती काहून चिडली?" "तिला त्याचा बेत पटला नाही." सुरुवातीला मी कंटाळून सांगायचे, मग रंगवून सांगायला लागले. काही वेळा माझ्या आधीच त्या अंदाज बांधून मोकळ्या व्हायच्या आणि त्यांची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा सरस असायची. हेडमास्तर आणि घोरपड हे सख्खे भाऊबहीण आहेत, हे त्यांनीच ठरवून टाकलं. खरं तर ते काडीमोड घेतलेले नवराबायको होते. मी एकदा तोंड उघडलं, पण लेक आजीच्या मांडीवर बसून म्हणाली, "बहीण रागावली, आजी!" आणि मी तोंड मिटलं. लेक कितीतरी वर्षं त्यांना भाऊबहीणच समजत होती.

नवऱ्यालाही नाद लागला. मालिकेच्या संध्याकाळी तो ऑफिसातून धावत यायचा. आपली आई चोरांना ओरडून रस्ता दाखवते, "अरे मागून येऊन राहिला पोलीस, मागे पाहा!" हे बघून तो मालिकेपेक्षा आईकडेच जास्त बघायचा. शेंगांचं प्रकरण मी त्यांना एकदा हळूच ऐकवलं. त्यांनी मान हलवली. "शेजारी लबाड नव्हता ना आपला," त्या म्हणाल्या.

मालिकेचा शेवटचा भाग होता त्या दिवशी बर्फाचा पाऊस पडला. झाडांच्या फांद्या काचेसारख्या झाल्या, कुठेतरी तारा तुटल्या आणि अख्ख्या रस्त्याची वीज गेली. बेसमेंटमध्ये मेणबत्ती लावून आम्ही बसलो. सासूबाईंनी दोनदा उठून टीव्हीचं बटण दाबून बघितलं.

नवऱ्याने फोन उचलला. त्याच्या ऑफिसात वसईचा एक माणूस होता. एकदा बोलता बोलता तो म्हणाला होता, बायको ती चोरांची मालिका सोडत नाही. बाकी ओळख नव्हती.

"तुमच्याकडे लाइट आहे का?" नवऱ्याने विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. नवरा हसला आणि म्हणाला, "चला, कोट घाला."

"अशा रस्त्यावर?" मी म्हटलं.

"परवाच विंटर टायर टाकलेत."

सासूबाई तोपर्यंत उठल्याही होत्या. लुगड्याच्या आत लोकरीची पँट, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट, पायात माझे जुने बूट, हातात पोह्यांच्या चिवड्याचा डबा. पंधरा मिनिटांचा रस्ता आम्ही बैलगाडीच्या वेगाने कापला. गाडी एका वळणावर सरकली तेव्हा त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, "जावई असता तर आतापर्यंत पोचलो असतो."

दार उघडलं ते वसईवाल्याच्या बायकोने. तिने आमची ओळखही विचारली नाही. "आत या, आत या, सुरू झालंय!" म्हणाली आणि आम्हाला ओढतच नेलं. नाताळ होऊन गेला होता, पण कोपऱ्यात गव्हाणीचा देखावा अजून तसाच होता. गरम फुगे, म्हणजे वसईकडचे गोल तळलेले पाव, समोर आले, आमचा चिवडा मध्ये ठेवला गेला आणि परक्या घरातल्या सोफ्यावर आम्ही सगळे खेटून बसलो.

शेवट फार सुंदर होता. टोळीची शेवटची चोरी पार पडते. मग एका पुलावर चौघं एकमेकांचा निरोप घेतात, कुणी काही बोलत नाही, आणि चार जण चार दिशांना चालू लागतात. कानवाला तेवढा एकदा मागे वळून हात हलवतो. बस्स. वसईवाली रडत होती. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "छान झालं. सगळे सुटले."

त्या रात्री वीज आली नाही, म्हणून आम्ही तिथेच झोपलो. ते दोघं तेव्हापासून आमच्या घरचेच आहेत. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर आणीबाणीचा नंबर म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांचाच देत आले.

आता त्याच पुलावरून त्या चौघांना परत आणणार, म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

नवऱ्याने ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "काही गरज नाही. संपलं ते संपलं. आता ते म्हातारे दोरीवर लोंबकळणार का?"

"आपणही म्हातारे झालो," मी म्हटलं.

"म्हणून आपण लोंबकळत नाही."

वसईवाल्याचा राग वेगळाच होता. कानवाल्याचं काम करणारा नट मधल्या वर्षांत वारला होता. "त्याच्याशिवाय कसली टोळी?" तो फोनवर म्हणाला. "तिजोरी काय आता रिमोटने उघडणार?" मागून त्याची बायको ओरडली, "तू नको बघू! मी बघणार! माझा जावई बघायचाय मला!" लेक तर ऐकायलाच तयार नव्हती. तिला मालिका आठवते ती आजीच्या आवाजात. ती तिकीट काढून मोकळी झाली होती. "आय ॲम कमिंग होम फॉर इट," म्हणाली.

मुख्य प्रश्न होता सासूबाईंना सांगायचं कसं. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. वयाने आता वाकल्या आहेत, ऐकू थोडं कमी येतं, पण मन तल्लख. मालिका येतेय हे सांगणं सोपं होतं. कानवाला गेला, हे कोण सांगणार? नवरा म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, आई तुझी आहे. शेवटी दोघांनीही अर्धंच सांगितलं.

"आई, आपले चोर परत येतायत," मी म्हटलं.

त्या खिडकीत बसून कोथिंबीर निवडत होत्या. हात थांबले. "काहून? पैसे संपले का त्यांचे?"

"तुम्हाला बघायचं आहे ना?"

"पाहू की," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्यांनी काय दिवे लावले ते पाहू."

एप्रिलमधल्या शनिवारी दुपारी लेक रेल्वेने आली. वसईवाले दोघं आले, तो "मी फक्त जेवायला आलोय" असं दारातच जाहीर करून. वसईवालीने फुगे आणले होते, मी सासूबाईंच्या पद्धतीची सांबारवडी केली होती, भरपूर कोथिंबीर घालून. मोठ्या टीव्हीसमोर सगळे बसले. लेकीने सगळे भाग एकदम आले आहेत, आज सगळे बघून टाकू, असं म्हणताच सासूबाईंनी हात वर केला.

"एका शनिवारी एकच."

"पण आजी, नोबडी डझ दॅट एनी मोर!"

"चोरी पचायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. विषय संपला.

सुरुवात वाईट होती. नुसते स्क्रीन, नुसते मोबाइल, काळ्या कपड्यांतली तरुण मुलं भराभर टायपिंग करताहेत. दोरी नाही, छत नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. वसईवाला मोठ्याने म्हणाला, "हे आमचं ऑफिस दाखवतायत." माझ्या मनात आलं, उगाच बोलावलं सगळ्यांना.

मग एक दार उघडलं आणि आत हेडमास्तर बसलेला दिसला. तो खुर्चीतून उठला. उठला म्हणजे, आधी पुढे सरकला, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग एक उसासा टाकला, आणि मग उठला. सासूबाई खळखळून हसल्या. "पाहा पाहा! माझ्यासारखाच उठून राहिला!" त्यांनी सोफ्यावरून तसंच उठून दाखवलं, उसाशासकट, आणि खोलीतला ताण एकदम सुटला. घोरपड आली ती पांढऱ्या केसांची, लहान मुलांना खोट्या भिंतीवर चढायला शिकवणारी. जावयाचं पोट सुटलं होतं आणि केस सोडून गेले होते. वसईवालीने कपाळाला हात लावला. "अरे देवा, याच्यासाठी मी नवऱ्याशी भांडले!"

त्यानंतर ते तिघं एका दफनभूमीत गेले. पाऊस पडत होता. दगडावरचं नाव दाखवलं नाही, फक्त हेडमास्तरने वाकून दगडाला कान लावला. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

"कानवाला गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो, आई," नवरा म्हणाला. "खरोखरच गेला. तो नटच गेला. तुला सांगायचं राहून गेलं."

"राहून नाही गेलं. तुम्ही घाबरून राहिले होते." त्यांनी हात जोडले. "किती गुणी कान होते बाप्पा त्याचे."

वसईवाल्याने क्रूसाची खूण केली. मग, जेवणापुरताच आलेला हा माणूस, खुर्ची ओढून टीव्हीच्या आणखी जवळ बसला.

कानवाल्याच्या जागी टोळीत एक नवी मुलगी आली होती. ती सगळंच चुकवत होती. चुकीच्या वेळी बोलायची, चुकीच्या दारात उभी राहायची, आणि जुने तिघं तिच्याकडे, ती आपल्या घरात न विचारता घुसली असावी, तसे बघायचे. लेक वैतागली. "शी इज सो अनॉइंग!" नवरा म्हणाला, "हिला काढा." 

"काढा काय?" सासूबाई म्हणाल्या. "नवी सून आहे ती. वेळ लागेल."

सगळे हसले. मीही हसले आणि थट्टेने विचारलं, "मला किती वेळ लागला होता, आई?"

त्या टीव्हीकडेच बघत होत्या. "तुला नाही लागला. मला लागला."

पडद्यावर कुणीतरी काचेची पेटी उघडत होतं. लेकीने हळूच रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"तू कामावरून यायची, तोंडातून शब्द नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटे, हिला माझा राग येतो. मग त्या दिवशी मी विचारलं, तो टकल्या कोण, तर तू बोलली. म्हटलं, हे बरं आहे. विचारलं की बोलते. म्हणून विचारत राहिली."

"पण तुम्हाला कळत नव्हतं म्हणून ना?"

"इंग्रजी? मी सातवीला इंग्रजी शिकवलं आहे माय. मास्तर रजेवर गेले की मीच घ्यायची तास. अर्धं तर कळेच. त्यांचं बोलणं घाईचं, म्हणून अर्धं सुटे."

नवरा आईकडे बघतच राहिला. लेक उडालीच. "वेट. आजी, मग ते भाऊबहीण?"

"पोट्टी मांडीवर बसून राहिली होती माझ्या. तिला काय काडीमोड समजावून सांगू?"

वसईवाली इतकी हसली की तिच्या हातातला फुगा खाली पडला. लेक आजीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती आणि मला मात्र हसू आणि रडू यांतलं नेमकं काय येतंय, ते कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, कुठे चालली? ये ना बसायला. कोण सांगणार मला, आता तर ऐकू पण येत नाही."

मी येऊन शेजारी बसले. लेकीने पुन्हा सुरू केलं.

ते शनिवार तसेच सुरू राहिले. लेक कधी यायची, कधी ब्रॉसार्डहून फोनवर आमच्याबरोबर बघायची आणि 'नवी सून' जरा जमायला लागली की तिकडून टाळ्या वाजवायची. मालिका पहिल्याइतकी चांगली झाली, असं मी म्हणणार नाही. काही भाग अगदीच फुसके होते. नवऱ्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. हे करायलाच नको होतं, असं तो दर शनिवारी म्हणायचा, आणि शनिवारी ग्रोसरीला गेलो की घड्याळाकडे बघत आम्हाला घरी परतायची घाई करायचा. वसईवाल्याचं मत मात्र दर आठवड्याला बदलायचं आणि प्रत्येक वेळी ते त्याचं पहिल्यापासूनचं मत असायचं.

शेवटचा भाग आम्ही जूनमध्ये पाहिला. बाहेर ऊन होतं, मागच्या अंगणात मक्याची कणसं भाजून झाली होती, लेक दोन दिवसांसाठी आली होती. शेवट अर्धवट निघाला. टोळी एका बंद दाराशी उभी राहते, दिवे जातात, आणि संपलं. पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलेलं, हे उघडच होतं.

"हे काय संपवणं झालं?" सासूबाई भडकल्या. "दाराशी उभं करून निघून गेले!"

"मी म्हटलं होतं," नवरा म्हणाला.

"तू गप. मी सांगते काय झालं ते." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दारापलीकडे मोठी बाग होती, त्यात लबाड शेठ झोपला होता, नव्या सुनेने त्याच्या उशाखालून किल्ली काढली...

"आजी, नो!" लेक मध्येच म्हणाली. "दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड!"

"मग तूच सांग. पण मराठीत सांगायचं."

लेक थांबली. मग कणीस खाली ठेवून, पाय सोफ्यावर घेऊन, शब्द शोधत, मध्येच अडखळत, काळ आणि लिंग दोन्ही चुकवत, ती सांगू लागली. दारामागे आणखी एक दार होता, आणि ती नवी सून घाबरली, पण हेडमास्तर म्हणाली, घाबरू नको...

"म्हणाला," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणाला, घाबरू नको, मी आहे."

वसईवाला पुढे सरकून बसला. "मग?"